शेड उभी राहावी, बांधणाराही उभा राहावा

एप्रिल-मे हे आपल्या वस्त्यांमध्ये ठोकाठोकीचे महिने. पाऊस यायच्या आत घरामागे किंवा घराला लागून एखादी शेड उभी करायची असते. कुणाला सरपण कोरडे ठेवायचे असते, कुणाला मोटारसायकल आत घ्यायची असते. कुणाला शिलाई मशीन तिथे हलवून घरात दोन माणसांना झोपायला जागा करायची असते. मिस्त्री लावला तर मजुरीतच पैसे संपतात. मग घरातलाच कुणीतरी म्हणतो, "त्यात काय अवघड आहे? चार खांब आणि वर पत्रे. मीच करतो."

असा "मीच करतो" म्हणणारा भाऊ, दीर, जावई प्रत्येक गल्लीत असतो. तो कष्टाळू असतो, हौशी असतो, कुणाच्याही मदतीला धावतो. पण त्याच्या एका तरी बोटाला कायम चिंधी गुंडाळलेली असते. मागच्या वर्षी खिळा पायात गेला, त्याआधी डोळ्यात कीस गेला, यंदा शिडीवरून घसरला. आई म्हणते, "ह्याच्या हाताला यशच नाही." शेजारी त्याला वेंधळा म्हणतात. एखादा साडेसातीही काढतो.

आम्हाला हे पटत नाही. बोट कापले जाते त्याला कारण असते, आणि कारण सापडले की ते टाळता येते. या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही शेड बांधण्याच्या कामातली ही कारणे एकेक करून पाहणार आहोत. कारण यातला एखादा अपघात चिंधीवर भागतो, पण एखादा घरातला कमावता माणूस नेतो.

माणूस वेंधळा की कामाची पद्धत वाईट?

काही माणसांनाच वारंवार अपघात होतात, ही समजूत जुनी आहे. १९१९ साली ब्रिटनमध्ये ग्रीनवुड आणि वुड्स या दोन संशोधकांनी दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगार स्त्रियांच्या अपघातांच्या नोंदी तपासल्या. थोड्या जणींच्या वाट्याला जास्त अपघात आलेले दिसले. त्यावरून पुढे "अपघाती स्वभावाचा माणूस" ही कल्पना रुजली. मालकांनाही ती सोयीची होती. दोष कामगाराच्या स्वभावाचा ठरला की यंत्राला जाळी बसवायला नको आणि कामाचे तास कमी करायला नकोत. नंतरच्या अभ्यासकांनी नजर माणसावरून कामाच्या जागेकडे वळवली. अवजार कसे आहे, उजेड किती आहे, माणूस किती तास जागा आहे, एकटा आहे की सोबत कुणी आहे, हे तपासू लागले. तिथे सुधारणा केली की अपघात कमी होतात, हे जगभरच्या कारखान्यांत दिसले आहे.

हीच नजर आपल्या भावाकडे लावू. दिवसभर तो कामावर राबतो आणि शेडचे काम रात्री एका बल्बच्या उजेडात करतो. कटर उसना आणलेला असतो, तो सकाळी परत द्यायचा म्हणून घाई असते. त्या कटरची जाळी कुणीतरी आधीच काढून टाकलेली असते. पायात स्लीपर असते. शिडी धरायला कुणी नसते. आता सांगा, यात त्याच्या स्वभावाचा भाग किती आणि रात्र, थकवा, घाई, स्लीपर आणि एकटेपणा यांचा किती?

म्हणून पहिली सूचना घरच्यांना. त्याला वेंधळा म्हणणे सोडा आणि काम सुट्टीच्या दिवशी, सकाळी, दोघांनी मिळून करायचे ठरवा. मे महिन्यात दुपारी १२ ते ४ पत्र्यावर आणि उन्हात काम नको. उन्हाने चक्कर येते आणि शिडीवर आलेली चक्कर फार महाग पडते. सर्दीची झोप आणणारी गोळी घेतली असेल तर त्या दिवशी शिडी चढू नये. आणि दारू घेतलेल्या माणसाच्या हातात त्या दिवशी हातोडीसुद्धा देऊ नये.

खड्डा, खिळा आणि धनुर्वात

कामाची सुरुवात बहुधा जुने सामान उपसण्यापासून होते. मागच्या विटा, जयंतीच्या मांडवाचे उरलेले बांबू, मोडकी खाट. या ढिगात विंचू आणि साप राहतात. ढिगात सरळ हात घालू नका. आधी काठीने हलवा, मग उचला. साप चावलाच तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. माणसाला शांत झोपवा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. सापाच्या विषावरचे औषध तिथे मिळते. मांत्रिकाकडे गेलेला एक तास परत येत नाही.

जुन्या फळ्यांमधले खिळे आधी उपटून एका डब्यात टाका. फळी तशीच जमिनीवर पडली की खिळा वर तोंड करून बसतो आणि स्लीपरमधून आरपार जातो. जाड तळव्याचे बूट हवेत. बांधकामावर जाणाऱ्या शेजाऱ्याचे बूट आणि हेल्मेट एका दिवसासाठी मागून घ्यायला लाज कसली?

खिळा लागला की "गंजलेला होता का?" असे आपण विचारतो. धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू मातीत, धुळीत, शेणात असतात. खोल आणि अरुंद जखमेत हवा पोचत नाही, तिथे ते वाढतात. नवा कोरा चकचकीत खिळाही माती घेऊन आत गेला तर धोका तोच. जखमेनंतर साधारण ३ ते २१ दिवसांत जबडा आखडतो, मग मान, मग पाठ. हा आजार जीव घेतो. तो टाळणारी लस मात्र अगदी साधी आहे.

या लसीला पूर्वी टीटी म्हणत, आता टीडी मिळते. मुलांना ती १० व्या आणि १६ व्या वर्षी देतात आणि बायांना गरोदरपणात देतात. सोळाव्या वर्षानंतर पुरुषांना मात्र कुणी बोलावून लस देत नाही. म्हणजे खड्डे खणणारा, खिळे ठोकणारा, पत्रे कापणारा माणूसच लसीवाचून राहतो. दर १० वर्षांनी एक डोस घ्यावा. जखम मातीने भरलेली किंवा खोल असेल आणि शेवटच्या डोसाला ५ वर्षे उलटून गेली असतील, तर लगेच घ्यावा. आधी कधी लस घेतली हे आठवतच नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गरज असेल तर ते आणखी एक वेगळे इंजेक्शन देतात. शेडचे सामान आणायला निघाल तेव्हा वाटेत आरोग्य केंद्रात जाऊन ही लस टोचून घ्या, काम सुरू व्हायच्या आधीच.

खांबाचा खड्डा रात्री उघडा ठेवू नका. त्यावर फळी आणि फळीवर दगड ठेवा. सिमेंटसाठी भरून ठेवलेल्या पाण्याच्या टाकीचे आणि बादलीचेही तसेच. रांगते मूल वीतभर पाण्यातही बुडते.

सिमेंट हात खाते

सिमेंटची गोणी ५० किलोची असते. ती एकट्याने कमरेत वाकून उचलली की पाठ धरते, आणि धरलेली पाठ आठ-पंधरा दिवसांची मजुरी बुडवते. दोघांनी गुडघ्यात वाकून, गोणी अंगाशी धरून उचला.

ओल्या सिमेंटकडे आपण चिखल म्हणून पाहतो. प्रत्यक्षात ते चुन्यासारखे तिखट असते आणि कातडी भाजते. फसवणारी गोष्ट अशी की सुरुवातीला दुखत नाही. माल बुटात शिरतो, पँटच्या गुडघ्यावर बसतो, माणूस दोन-तीन तास काम करत राहतो आणि संध्याकाळी कातडी काळी-लाल होऊन सोलवटलेली दिसते. रबरी हातमोजे घाला. ते नसतील तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधा, पण उघड्या हाताने माल कालवू नका. सिमेंट कपड्यांतून आत झिरपले तर कपडे लगेच काढा आणि २० मिनिटे साध्या पाण्याने धुवा. लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नका. डोळ्यात उडाले तर पापणी उघडी धरून २० मिनिटे पाणी सोडत राहा आणि मग दवाखान्यात जा. आधी धुणे आणि मग रिक्षा शोधणे, हा क्रम चुकवू नका.

सिमेंटमध्ये क्रोमियमचा अंश असतो. त्यामुळे काहींच्या हाताला कायमची खाज आणि भेगा पडतात. मलमाने तेवढ्यापुरते बरे वाटते, पण पुन्हा सिमेंटला हात लावला की पुन्हा सुरू होते. अशा माणसाने माल कालवण्याचे काम दुसऱ्याला द्यावे.

कटर, वेल्डिंग आणि वीज

लोखंडी पाइप कापायचा चार इंची कटर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे फिरतो. त्याची पाती फुटली तर तुकडा सरळ तोंडाकडे येतो. म्हणून जाळी काढलेला कटर घरी आणूच नका, कितीही चांगल्या मित्राचा असो. लोखंडाच्या कटरला लाकडाची दातेरी पाती लावू नका. ती अडकते आणि कटर हातातून उसळतो. तडा गेलेली पाती फेकून द्या. ओढणी, गळ्यातला रुमाल, सैल बाही जवळ नको. डोळ्यांवर चष्मा हवाच. साधा प्लास्टिकचा सुरक्षा चष्मा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. डोळ्याच्या ऑपरेशनच्या मानाने तो फुकटच म्हणायचा.

डोळ्यात लोखंडाचा कीस गेला तर चोळू नका, शेजारणीकडून पदराच्या टोकाने काढून घेऊ नका. पाण्याने धुवून निघाला नाही तर डोळ्यावर काही दाबून न बांधता डॉक्टरकडे जा. वेल्डिंगची ठिणगी उघड्या डोळ्यांनी पाहिली तर त्या वेळी काही होत नाही. सहा-बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यात वाळू भरल्यासारखे होते आणि पाणी वाहते. त्यात दूध घालणे, बटाट्याचा रस घालणे धोक्याचे आहे, जंतू आत जातात. शेजारी उभे राहून पाहणाऱ्या मुलांनाही हाच त्रास होतो, म्हणून त्यांना तिथून घालवा.

विजेचे दोन धोके आपल्याकडे नेहमीचे आहेत. पहिला, प्लग नसलेली वायर काडीने सॉकेटमध्ये खोचून कटर चालवणे. दुसरा अधिक घातक आहे, कारण तो काम संपल्यावर सुरू होतो. शेडमधल्या बल्बची जोड दिलेली वायर पत्र्याखाली दाबली जाते. पत्र्याची धार तिचे आवरण कापते. पहिला पाऊस येतो आणि सगळी शेड विजेने भारली जाते. त्याच शेडच्या खांबाला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते. ओले कपडे टाकायला गेलेली बाई तारेला चिकटते, आणि तिला ओढायला धावलेला माणूसही.

म्हणून शेडमधली वायर प्लास्टिकच्या पाइपातून न्या. तिला मध्ये जोड नको. कपड्यांसाठी धातूची तार नको, नायलॉनची दोरी बांधा. घराला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. जमल्यास ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. गळती होताच ती क्षणात वीज तोडते. आणि उंच पाइप उभा करण्याआधी वर पाहा. वरून विजेची तार जात असेल तर तिथे पाइप आडवाच न्या.

शिडी आणि छप्पर

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात. रस्त्यावरच्या अपघातांनंतर नकळत झालेल्या अपघातांतले हे दुसरे मोठे कारण आहे. यातले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. मरायला इमारत उंच लागत नाही. शेडची आठ-नऊ फूट उंचीही डोके आपटायला पुरेशी असते.

शिडी लावण्याचा हिशोब सोपा आहे. चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर. म्हणजे भिंतीवर आठ फुटांवर टेकणार असेल तर तळ भिंतीपासून दोन फूट दूर. वर चढून जायचे असेल तर शिडी छपराच्या कडेच्या तीन फूट वर निघालेली असावी आणि वरच्या टोकाला दोरीने बांधलेली असावी. चढताना दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय नेहमी शिडीवर. सामान हातात घेऊन चढू नका, दोरीने वर ओढा. ड्रमवर स्टूल आणि स्टुलावर माणूस, ही परांची नव्हे.

आता छप्पर. टिनाचा पत्रा माणसाच्या वजनाने वाकतो, पण सिमेंटचा पत्रा कसलीही सूचना न देता फुटतो. काल त्यावर चाललो म्हणून आजही चालता येईल असे नसते. उन्हापावसाने तो ठिसूळ होत जातो आणि रंग किंवा डांबर लावले की तडे दिसतही नाहीत. उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा तर आणखी फसवा. यावर पाय ठेवायचाच नाही. शक्य तितके काम आतून, खालून, घोडीवर उभे राहून करा. आठ बाय दहाच्या शेडला बहुतेक बोल्ट तसे घट्ट करता येतात. वर जावेच लागले तर किमान दोन आडव्या पाइपांवर टेकेल अशी जाड फळी टाका आणि त्या फळीवरच राहा.

वारा असताना पत्रा उचलू नका. मोठा पत्रा वाऱ्यात शिडासारखा भरतो आणि माणसाला घेऊन जातो. पत्र्याची कापलेली धार सुरीसारखी असते. हात कापला तर रक्त थांबल्यावर प्रत्येक बोट वाकते आणि सरळ होते का, टोकाला स्पर्श कळतो का, ते पाहा. यातले काही होत नसेल तर आतली शीर तुटलेली असू शकते. ती वेळेत शिवली तर हात वाचतो. नुसती पट्टी बांधून बसले तर बोट कायमचे ताठ राहते.

पत्रे जे-बोल्ट आणि वायसर लावून पाइपाला पक्के करा. नुसते दगड आणि जुने टायर ठेवून भागवू नका. वादळात दगड खाली येतात, आणि टायरमध्ये साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

जुना सिमेंटचा पत्रा आणि न दिसणारी धूळ

पैसे वाचवण्यासाठी भंगारातून जुने सिमेंटचे पत्रे आणले जातात. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते असेच धरून चालावे. पत्रा अखंड असेल आणि जागेवर असेल तोवर फारसा त्रास नसतो. पण तो कटरने कापला, ड्रिल मारले किंवा फोडला की त्याचे अतिबारीक तंतू हवेत उडतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन रुततात. सर्व प्रकारच्या अ‍ॅस्बेस्टॉसमुळे कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. आजार दिसायला वीस, तीस, चाळीस वर्षे जातात. म्हणून कुणालाच आज कापलेल्या पत्र्याची आठवण राहत नाही.

जुने पत्रे शक्यतो आणूच नका. असलेच तर ते कापावे लागणार नाहीत अशा मापाची शेड करा. काढताना आधी पाण्याने चिंब भिजवा, फोडू नका, बोल्ट सोडवून अखंड उतरवा. तुकडे झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने गोळा करून जाड पिशवीत बांधा. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही. त्या दिवशीचे कपडे घरात झटकू नका. धुळीचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत. फुटके तुकडे चुलीभोवती, मोरीवर किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी वापरू नका.

अपघात झालाच तर

रक्त येत असेल तर स्वच्छ फडके ठेवून १० मिनिटे सलग दाबून धरा. मध्ये उघडून पाहू नका. हळद, चहापावडर, चुना, ऑइल, सिमेंट यातले काहीही जखमेत भरू नका. खोल रुतलेली सळई किंवा खिळा स्वतः उपसू नका, आहे तसे दवाखान्यात न्या.

बोट तुटले तर ते ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवले तर निकामी होते. एक मिनिटही न घालवता मोठ्या रुग्णालयात जा.

उंचावरून पडलेल्या माणसाला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, दोघांनी हातपाय धरून उचलू नका. मान किंवा पाठ मोडली असेल तर तशा उचलण्यानेच तो कायमचा लुळा होतो. मान सरळ धरून ठेवा आणि १०८ ला फोन करा. थोड्या वेळाने "मी ठीक आहे" म्हणाला तरी उलटी, गुंगी, डोकेदुखी किंवा बरळणे सुरू झाले तर त्याच रात्री न्या, सकाळची वाट पाहू नका.

शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा, मदत येईपर्यंत. शुद्धीवर आला तरी हृदयाची तपासणी करून घ्या.

रुग्णालयात जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. घरातला कुणी बांधकामावर मजुरी करत असेल, वय १८ ते ६० मध्ये असेल आणि वर्षात ९० दिवस काम केले असेल, तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून ठेवावी.

वस्तीने काय करावे

वर सांगितलेल्या वस्तू एकेका घराने घ्यायच्या तर जड जातात. पण चष्मा, हेल्मेट, रबरी हातमोजे, जाड बूट, एक धड शिडी, एक लांब जाड फळी आणि पट्ट्यांचा डबा एवढे सामान वस्तीने वर्गणी काढून घेतले आणि विहारात ठेवले तर सगळ्यांच्या उपयोगी येईल. महिला मंडळाने वही ठेवावी. कटर उसना मिळतो, तसा चष्माही उसना मिळाला पाहिजे. ज्यांना बांधकामाची सवय आहे अशा भावांनी हौशी माणसाच्या शेडवर सकाळचे दोन तास जाऊन शिडी धरावी.

पावसाला अजून थोडे दिवस आहेत. शेड एक रविवार उशिरा झाली तरी चालेल.